धातूला हात न लावतां गुणवृद्धि

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. वाद पैशाचा नव्हता, वांटणीचा नव्हता. तो एका लाकडी पेटीविषयीं होता. आमचे धाकटे बंधु तरुणपणीं मोठ्या हौसेनें गिटार वाजवीत असत, आणि नाशिकच्या गणेशोत्सवांत जे वाद्यवृंद होत, ज्यांस लोक ‘ऑर्केस्ट्रा’ म्हणत, त्यांत ते बसत. १९८४ सालीं त्यांनीं मुंबईहून एक वापरलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर विकत आणला. मुंबईंतील कोणा कारागिरानें अमेरिकन आराखड्यावरून तो बांधलेला होता. बंधु आज नाहींत. परंतु ती पेटी माजघराच्या कोपऱ्यांत आजहि आहे, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, तीवर आपली गिटार वाजवितो.

पुतण्याची तक्रार अशी कीं, “काका, ह्याला गेन कमी आहे.” आम्हीं त्यास सांगितलें कीं आवाज वाढविण्याचें बटण समोरच आहे, तें फिरव म्हणजे झालें. त्यावर तो हंसला व म्हणाला, “मला आवाज मोठा नको आहे, गेन हवा आहे. आवाज उलट लहानच बरा, नाहींतर आजीची झोपमोड होईल.” आवाज नको आणि वाढ मात्र हवी, हें कोडें आम्हांस त्या वेळीं उलगडलें नाहीं.

पुढें एका कारागिरास बोलाविण्यांत आलें. त्यानें पेटी उघडून पाहिली व उपाय सांगितला तो असा: आंतील पत्र्यास एक भोंक पाडावें, तेथें आणखी एक नळी बसवावी, आणि चार-दोन ठिकाणचे जुने डाख सोडवून नवीन जोडणी करावी. पुतण्या तयार झाला. तेवढ्यांत आमची भावजय स्वयंपाकघराच्या दारांत येऊन इतकेंच म्हणाली, “वाजव तूं खुशाल. पण त्याला भोंक नको पाडूं.” कोणी कांहीं बोललें नाहीं. आम्हीं कारागिरास चहा देऊन परत पाठविलें, व पुतण्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या आठ दिवसांचे दोन महिने झाले, हा भाग निराळा. परंतु त्या दोन महिन्यांत आम्हांस जें कळलें तें इतरांच्याहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. वडिलांची वस्तु जपावी आणि मुलांची हौसहि पुरवावी, हा पेंच आमच्याच एका घरांत पडला असेल असें नाहीं.

नळींतील व्यापार

प्रथम ह्या पेटींत काय असतें तें पाहूं. विजेच्या गिटारीच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. ह्यास पिकअप म्हणतात. तार कांपली म्हणजे वेटोळ्यांत विजेची क्षीण लहर उत्पन्न होते. तिचा दाब साधारणतः एका व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. एवढ्याशा लहरीनें मोठा स्पीकर हलावयाचा नाहीं. म्हणून ती लहर वाढवावी लागते, आणि हें काम व्हॉल्व्ह करितो.

व्हॉल्व्ह म्हणजे आंतील हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तिच्यांत एक पृष्ठभाग तापवितात. त्यांतून विजेचे कण, ज्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात, ते बाहेर पडतात व समोरच्या पत्र्याकडे धांव घेतात. वाटेंत एक बारीक जाळी असते. जाळीवरील दाब किंचित् बदलला कीं पत्र्याकडे जाणारा ओघ पुष्कळ बदलतो. कालव्याच्या तोंडाशीं असलेली फळी एक बोट वर-खालीं केली असतां सगळ्या शेताचें पाणी कमी-अधिक होतें, त्यांतलाच हा प्रकार होय. जाळी नसलेली नळी इंग्लंडांत फ्लेमिंग ह्यांनीं १९०४ सालीं केली. जाळी घालण्याची युक्ति अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट ह्यांनीं १९०६ सालीं काढली. पुढें रेडिओ, सभेंतील कर्णे आणि बोलपट हीं सर्व ह्या जाळीच्या जोरावर उभीं राहिलीं.

नाशिककरांस ह्याचा एक दाखला घरचाच आहे. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला व त्याच वर्षीं ते आपला व्यवसाय नाशकास घेऊन आले. तो सर्व काळ मुक्या चित्रांचा होता. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला, आणि दादासाहेबांचा मुळांतच बोलपट म्हणून घेतलेला चित्रपट एकच झाला, तो १९३७ चा ‘गंगावतरण’. १९४४ सालीं नाशकांतच त्यांचा अंत झाला. चित्रास वाणी देण्यास जी विद्या अवश्य होती तिचें मर्म ह्या जाळीच्या नळींत होतें. चित्रपटगृहांतील हजार माणसांस ऐकूं जाईल एवढा आवाज तिच्यावांचून त्या काळीं निघता ना.

आवाज निराळा, गेन निराळा

आतां पुतण्याच्या कोड्याकडे वळूं. ध्वनिवर्धकांत नळ्या एकापुढें एक लावलेल्या असतात. पहिली नळी लहर वाढवून दुसरीकडे देते, दुसरी तिसरीकडे देते, व शेवटच्या मोठ्या नळ्या स्पीकर हलवितात. प्रत्येक पायरीवर लहर किती पटीनें वाढते ह्या मापास गेन म्हणतात. शेवटीं स्पीकरांतून किती मोठें ऐकूं येतें तो आवाज. म्हणजे गेन हा गुणाकार आहे आणि आवाज हें त्याचें एक फळ आहे.

परंतु गुणाकारास मर्यादा आहे. जाळीवर फार मोठी लहर आली तर पत्र्याकडील ओघ एका बाजूस पूर्ण थांबतो व दुसऱ्या बाजूस आणखी वाढूं शकत नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांचीं दारें ठेंगणीं असत. उंच मनुष्यास त्यांतून जातांना मान लववावी लागे. तसा लहरीचा माथा वरच्या बाजूस चेपतो. माथा चेपला कीं मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर नव्यानें उत्पन्न होतात. स्वर जाड होतो, त्यास किंचित् खरखर येते, आणि एरवीं क्षणांत विरणारा तारेचा नाद लांबत जातो. शास्त्राच्या दृष्टीनें हा दोष होय. रेडिओच्या कारखान्यांत ह्याच्या निवारणासाठीं लोकांनीं आयुष्यें वेंचलीं. गिटार वाजविणाऱ्यांनीं मात्र त्या दोषासच अलंकार केलें. पुतण्यास हवा होता तो हा अलंकार. त्यासाठीं पहिल्या पायऱ्यांवर गुणाकार वाढला पाहिजे. शेवटचा आवाज लहान ठेवला तरी चालतो.

ज्यांस हें चमत्कारिक वाटेल त्यांनीं आपल्या तंबोऱ्याकडे पहावें. तंबोऱ्याच्या घोडीवर तार ज्या ठिकाणीं टेकते तेथें तिच्याखालीं सुताचा दोरा सरकवितात. दोरा नसला तर नाद बोथट येतो. दोरा योग्य जागीं आला कीं तार घोडीच्या उतरत्या पृष्ठास हलकेच स्पर्श करीत राहते, उपस्वर फुलतात, आणि तंबोरा बोलूं लागतो. हीच जवारी. म्हणजे शुद्ध नादास थोडी खरखर लावून तो समृद्ध करणें हें आपणांस परकें नाहीं. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले आहेत, आणि तेथील सतार व तंबोरा ह्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे.

ह्या तंबोऱ्यांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें होतें. जवारीचीं कामें दोन प्रकारचीं असतात. एक, घोडीचा पृष्ठभाग कानशीनें घांसणें. तें उस्तादाचें काम. एकदां घांसलेलें हाड अगर लाकूड पुन्हां भरून येत नाहीं. दुसरें, दोरा सरकविणें. तें गवई स्वतः करितो, मैफल संपल्यावर दोरा काढूनहि ठेवितो, आणि तंबोरा जसा होता तसाच राहतो. कारागीर कानस मागत होता. आमच्या भावजयीस दोरा हवा होता.

संस्कृत व्याकरण ज्यांनीं शाळेंत थोडेंफार केलें असेल त्यांस ‘गुण’ आणि ‘वृद्धि’ ह्या संज्ञा आठवत असतील. ‘नी’ म्हणजे नेणें हा धातु. त्यास एक प्रत्यय लागला कीं ‘ई’चा गुण ‘ए’ होऊन ‘नेता’ हा शब्द निघतो. दुसरा लागला कीं वृद्धीनें ‘ऐ’ व पुढें ‘आय्’ होऊन ‘नायक’ निघतो. एवढी उलथापालथ झाली तरी मूळ धातु जागच्या जागीं आहे. प्रत्यय काढून घ्या, ‘नी’ पुन्हां हजर. आम्हीं पुतण्यास सांगितलें कीं तुझ्या वडिलांची पेटी हा धातु समज. तुला गुण हवा असो वा वृद्धि हवी असो, ती प्रत्ययानें साधली पाहिजे.

प्रत्यय कोणते?

ते आम्हीं सोप्यापासून कठिणापर्यंत क्रमानें देतों.

पहिला उपाय म्हणजे जें आधींच आहे तें पूर्णपणें वापरणें. कित्येक ध्वनिवर्धकांस गिटार जोडण्याचीं दोन भोंकें असतात. अनेक अमेरिकन आराखड्यांत त्यांपैकीं दुसऱ्या भोंकांत लहर निम्मी होऊन आंत जाते. पहिल्यांत ती पुरी जाते. आमचे बंधु सौम्य वाजवीत, म्हणून त्यांनीं नेहमीं दुसरें वापरलें असावें. पुतण्याहि संवयीनें तेंच वापरीत होता. दोरी पहिल्या भोंकांत घालतांच एक पैचा खर्च न होतां दुप्पट लहर मिळाली. तसेंच गिटारीचा पिकअप स्क्रू फिरवून तारांच्या किंचित् जवळ आणला तर लहर वाढते. फार जवळ मात्र आणूं नये. चुंबकाच्या ओढीनें जाड तारांचा स्वर डळमळूं लागतो.

दुसरा उपाय बूस्टरचा. ही तळहाताएवढी पेटी गिटार व ध्वनिवर्धक ह्यांच्यामध्यें जमिनीवर ठेवावयाची व पायानें चालू-बंद करावयाची. म्हणून तिला पेडल म्हणतात. बहुतेक पेडलांस नऊ व्होल्टची लहान बॅटरी पुरते. वीस डेसिबलचा बूस्टर लहरीचा दाब दसपट करितो. अशी लहर पहिल्या नळीच्या जाळीवर आदळली कीं पुढच्या नळ्यांतील माथे चेपूं लागतात, आणि जी नळी पूर्वीं नुसती गुणगुणत होती ती गाऊं लागते. पेटीच्या आंत कोणाचाहि हात गेलेला नसतो. दोरी काढली कीं सर्व पूर्ववत्.

ह्या युक्तीचा एक नामांकित उपयोग महाराष्ट्राशीं दूरच्या धाग्यानें जोडलेला आहे. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत फरोख बलसारा नांवाचा पारशी मुलगा शिकत होता व तेथेंच त्यानें सोबत्यांसह एक लहानसा वाद्यवृंद काढला होता. पुढें इंग्लंडांत तो फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदाचा गायक म्हणून जगप्रसिद्ध झाला. त्या वृंदाचे गिटारवादक ब्रायन मे ह्यांनीं आपली गिटार १९६३ पासून वडिलांच्या मदतीनें घरींच बनविली. तिचें मानेचें लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें होतें. त्यांचा जो लांबत जाणारा, जवळ जवळ सारंगीसारखा स्वर आहे तो साधण्यासाठीं त्यांनीं ‘व्हॉक्स ए-सी ३०’ ह्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकापुढें वरच्या सप्तकाचा जोर वाढविणारा बूस्टर जोडला. असे बूस्टर १९६० नंतरच्या दशकांत लंडनमध्यें निघाले. त्यांतील प्रसिद्ध ‘रेंजमास्टर’मध्यें अवघा एक जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर होता. वरच्या स्वरांवर जोर कां, तर खर्ज फार वाढला असतां तो नळींत गेल्यावर चिखल होतो. वरचे स्वर वाढविले तर जाडी येऊनहि रेघ स्वच्छ राहते.

तिसरा उपाय नळी बदलण्याचा. ह्यासाठीं थोडें ज्ञान लागतें, पण डाख लागत नाहीं. पहिल्या पायऱ्यांवरील लहान नळ्या सॉकेटांत नुसत्या खोंवलेल्या असतात. त्यांचें एक कुटुंबच आहे. ई-सी-सी ८३, जिला अमेरिकेंत १२-ए-एक्स-७ म्हणतात, तिचा वर्धनांक १०० आहे. ई-सी-सी ८१ चा सुमारें ६०. १२-ए-वाय-७ चा सुमारें ४४. ई-सी-सी ८२ चा २० च्याहि खालीं. ह्या चारींचे नऊ कांटे सारख्याच क्रमानें आहेत व तापविण्याची वीजहि सारखीच लागते, त्यामुळें एकीच्या जागीं दुसरी बसते. वर्धनांक म्हणजे प्रत्यक्ष गुणाकार नव्हे. शंभरवाली नळी नेहमींच्या जोडणींत पन्नास-साठ पटच वाढ देते. तरी मोठ्या अंकाची नळी पहिल्या सॉकेटांत आली कीं फरक कानांस कळतो. आमच्या पेटींत पहिल्या जागीं ई-सी-सी ८१ निघाली. कारागिराच्या हाताशीं त्या दिवशीं तीच असेल, किंवा त्यास स्वच्छ आवाजच हवा असेल. तेथें ८३ बसविण्यास जागा होती. जेथें आधींच ८३ आहे तेथें मात्र ह्या मार्गानें फारसें कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि दुकानदार सांगेल तितके पैसे त्यासाठीं खर्चूं नयेत.

एक सूचना महत्त्वाची. कांटे नऊ आहेत म्हणून कोणतीहि नळी कोठेंहि घालूं नये. ई-सी-सी ८५ व ८८ ह्या नांवानें भाऊबंद दिसतात, पण त्यांच्या कांट्यांची जोडणी निराळी आहे. शेवटच्या मोठ्या नळ्या तर मुळींच आपल्या हातांनीं बदलूं नयेत. त्यांच्या जाळीचा दाब जाणत्याकडून मोजून घ्यावा लागतो. लहान नळ्या एके काळीं बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येंहि होत असत. हल्लीं नव्या नळ्या मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन ह्या देशांतून येतात.

चौथा प्रकार नव्या ध्वनिवर्धकांपुरता आहे. त्यांच्या पाठीमागें पहिल्या नळ्या व शेवटच्या नळ्या ह्यांच्या मधली वाट बाहेर काढलेली असते. तेथें बूस्टर लावला तर पहिल्या पायऱ्यांचा गेन वाढत नाहीं, शेवटचा जोर वाढतो. गाण्याच्या मध्यें एकट्याच्या वाजविण्यास उठाव देण्यासाठीं तो उपयोगी आहे. कोणता प्रत्यय कोठें लावावा हें न कळल्यास रूप चुकतें, तें असें.

गुणाबरोबर दोषहि वाढतो

गुणाकार करणारा यंत्रधर्म आंधळा आहे. तो स्वर आणि कुरकुर असा भेद करीत नाहीं. गेन वाढविला कीं घरांतील दिव्यांची, पंख्याची, विजेच्या वाहिन्यांची गुणगुणहि तितकीच वाढून ऐकूं येते. जुन्या वाड्यांतील कित्येक ठिकाणीं तिसऱ्या भोंकांत अर्थची तारच नसते. गुणगुण कमी व्हावी म्हणून कांहीं लोक प्लगाचा अर्थचा कांटा काढून टाकतात. हा प्राणाशीं खेळ आहे. वाजविणाऱ्याचीं बोटें धातूच्या तारांवर असतात, आणि त्या तारा ध्वनिवर्धकाच्या पत्र्याशीं जोडलेल्या असतात. आंत दोष झाला तर विजेस दुसरी वाट उरत नाहीं. आम्हीं आधीं वायरमन बोलावून त्या कोपऱ्यांतील अर्थ नीट करून घेतला. गुणगुण निम्मी तेथेंच गेली.

पेटीच्या आंत तीनशें ते साडेचारशें व्होल्टपर्यंत दाब असतो, व प्लग काढल्यावरहि मोठ्या कंडेन्सरांत तो कांहीं काळ सांचून राहतो. म्हणून पत्र्याचें झांकण घरच्या मनुष्यानें कधींहि उघडूं नये. नळी बदलतांनाहि बटण बंद करून, प्लग काढून, नळी पूर्ण थंड झाल्यावर ती सरळ वर ओढावी. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक चालू करूं नये. शेवटचा ट्रान्सफॉर्मर त्यानें जळूं शकतो, आणि तो बदलणें म्हणजे यंत्राचें हृदय बदलणें होय. परदेशांतून आणलेला १२० व्होल्टचा ध्वनिवर्धक आपल्या २३० व्होल्टवर तसाच लावूं नये, हें सांगणें नकोच.

शेजाऱ्यांचाहि विचार पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. गेन आणि आवाज हे निराळे आहेत ह्याचा खरा लाभ येथें होतो. पहिल्या नळ्या भरपूर चेपवून शेवटचें बटण खालीं ठेवलें तर माजघरांत वाजलेलें माजघरांतच राहतें.

आणखी एक गोष्ट पुतण्यानें आम्हांस दाखविली व ती ऐकून आम्ही चकित झालों. गेन वाढल्यावर तीन-चार स्वर एकदम छेडले तर त्या स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नको ते स्वर उपजतात व गोंगाट होतो. म्हणून असे वादक पुष्कळदां दोनच स्वर धरितात: मूळचा एक व त्याचा पांचवा. म्हणजे षड्ज आणि पंचम! जगाच्या दुसऱ्या टोकाच्या, कानठळ्या बसविणाऱ्या संगीतानें शेवटीं आमच्या तंबोऱ्याचीच जोडी निवडावी, हें ऐकून ह्या वाद्याविषयींची आमची अढी बरीचशी सुटली. नाद कोठेंहि जावो, त्याचा हिशेब एकच आहे.

आम्हीं काय केलें

अखेर आमच्या घरीं झालें तें असें. दोरी पहिल्या भोंकांत गेली. पुतण्यानें आपल्या शिकवणीच्या पैशांतून एक साधा बूस्टर घेतला. ई-सी-सी ८१ काढून तेथें ८३ बसविली, आणि काढलेली नळी कापसांत गुंडाळून, वर तारीख व सॉकेटाचा क्रम लिहून, देवघराशेजारच्या फडताळांत ठेवली. एकूण खर्च त्या कारागिराच्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्श्यांत झाला. पत्र्यास भोंक पडलें नाहीं, एकहि डाख सुटला नाहीं. पुतण्याचें पूर्ण समाधान झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. आणखी एक नळी असती तर स्वर अजून लांबला असता असें तो अधूनमधून म्हणतो, आणि तें खरेंहि असेल. कानशीनें जें साधतें तें सर्व दोऱ्यानें साधत नाहीं.

परंतु भाद्रपदांत बंधूंची तिथि आली. सायंकाळीं पुतण्यानें कोणास न सांगतां बूस्टर बाजूस ठेविला, फडताळांतील जुनी नळी काढून तिच्या जागीं बसविली, दोरी दुसऱ्या भोंकांत घातली, आणि वडील सुटीच्या सकाळीं वाजवीत असत तें भजन हळूच वाजविलें. स्वर अगदीं तोच आला. स्वच्छ, गोल, थोडा बुजरा. भावजय निवडावयास घेतलेलें ताट मांडीवर तसेंच ठेवून ऐकत बसली. वाजवून झाल्यावर ती म्हणाली, “आतां तुझें वाजव.” पुतण्यानें नळी थंड होण्याची वाट पाहिली, ती पुन्हां कापसांत गुंडाळली, आणि आपली बसविली.